भंगारातला रूळ



वसंतातल्या व्याख्यानांत कविता असावी, इतिहास असावा, फार तर थोडे अध्यात्म असावे, अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज आपल्यापुढे एक जुनी टाकी घेऊन उभा आहे. तिच्यातून आस आरपार घालायचा, बाहेरून चौकट बसवायची, ट्रॅक्टरला किंवा बैलांना जोडायची आणि शेतावरून फिरवायची. क्रिकेटच्या मैदानावरचा रूळ आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याचाच हा शेतातला भाऊ. शहरातल्या मंडळींनी हे ऐकून काय करायचे, असे कोणी विचारील. यवतमाळात असा माणूस विरळाच की ज्याचे शेत, भावाचे शेत किंवा सासऱ्याचे शेत दारव्ह्याला, वणीला किंवा पुसदला नाही.

प्रथम हे पाहू की आपल्याकडे रुळाची गरज आहे का. खरीपाला बहुधा नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ढेकळे विटेसारखी होतात, आणि मृगाच्या एका चांगल्या सरीने तीच ढेकळे साखरेसारखी विरघळतात. जे काम पाऊस फुकट करतो त्यासाठी डिझेल जाळण्यात शहाणपण नाही. उलट, जूनच्या तोंडावर उताराचे शेत दाबून गुळगुळीत केले, तर पहिले मोठे पाणी जिरायच्या ऐवजी माती घेऊन नाल्याला लागते. आपला जिल्हा टेकड्याटेकड्यांचा आहे. वरसाल 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात, ते काही उगाच नव्हे.

रुळाचे खरे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. सोयाबीन निघाले, हरभरा पेरायचा आहे. नांगरले तर ढेकळे निघतात, आणि ती फोडायला आता पाऊस येणार नसतो. ढेकळांच्या फटींतून वारा शिरतो व उरलीसुरली ओल दोन दिवसांत उडते. दाणा मातीत पडतो खरा, पण मातीला चिकटत नाही. भोवती पोकळी राहते आणि उगवण विरळ होते. हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मैंद म्हणा, फळी म्हणा, जड लाकूड आडवे ओढून ते ढेकळे फोडीत आणि माती दाबीत. तेव्हा रूळ ही काही विलायती चैन नव्हे. मैंदाचेच काम तो गोल होऊन करतो.

यात एक गोम आहे. जमीन वरपर्यंत घट्ट दाबली, की खालची ओल बारीक छिद्रांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी वर चढते आणि उन्हाने उडून जाते. अमेरिकेत डाकोटाच्या कोरड्या माळावर कॅम्पबेल नावाच्या शेतकऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न हाती घेतला. त्याने पाचरीसारख्या कडांच्या चाकांचे असे औत केले, की खालचा थर दाबला जावा आणि वरची माती भुसभुशीत राहावी. त्याच्या पद्धतीचा पुढे गाजावाजा झाला आणि अवर्षणाच्या वर्षांनी तिला चांगलेच उघडे पाडले, हेही सांगितले पाहिजे. पण दाब खाली आणि मोकळी माती वर, हे सूत्र टिकले. म्हणून रुळामागे हलके काटेरी झुडूप किंवा साखळी ओढावी. वरचा बोटभर थर मोकळा होतो आणि वात तुटते.

आता टाकीकडे वळू. दोन फूट व्यासाची आणि चार फूट लांबीची, म्हणजे 60 सेंटिमीटर आणि 120 सेंटिमीटरची, पाच मिलिमीटर जाड पत्र्याची टाकी मिळाली असे धरा. नुसते लोखंड 110 किलोच्या आसपास भरते. आस आणि चौकट धरून दीडशे. आत सुमारे 340 लिटर पाणी मावते. म्हणजे भरलेला रूळ पाचशे किलोच्या थोडा आत. रुंदीच्या दर सेंटिमीटरला चार किलो दाब. रिकामा असताना सव्वा किलो. एकच अवजार, पण बूच उघडले की हलके आणि भरले की जड. काही जण आत काँक्रीट ओततात. वजन भरपूर होते, पण ते कायमचे होते. मग रूळ बांधावर पडून राहतो. पाणी भरायचे तर पूर्ण भरावे. अर्धवट पाणी आत हिंदकळते आणि प्रत्येक गचक्याला जोडावर हिसका बसतो.

दोनशे लिटरचे तेलाचे पिंप घ्यावे असा मोह होतो, कारण ते सहज मिळते. त्याचा पत्रा पातळ असतो. आपल्या मुरमाड शेतात तो महिन्याभरात पोचे पडून तिरळा होतो. त्यात व्यास लहान असला की रूळ माती दाबायच्या ऐवजी पुढे ढकलतो.

आस दोन्ही टोकांच्या पत्र्यांतून आरपार, एकाच सळईचा असावा, आणि जिथे तो पत्र्यातून बाहेर येतो तिथे जाड चकती लावून जोडावा. नुसत्या पत्र्यावर टाका मारला तर तिथेच फाटते. आस बरोबर मध्यावर आला नाही, तर रूळ लंगडत चालतो आणि शेतावर लाटा उमटतात. मागे पत्र्याला अगदी जवळ लोखंडी पट्टी बसवावी, म्हणजे चिकटलेली माती खरवडली जाते. काळ्या मातीत ही पट्टी नसेल तर रूळ पंधरा पावलांत मातीचा गोळा होतो. बैलांना जोडायचा असेल तर ताठ दांडीनेच जोडावा, साखळीने नव्हे; उतारावर मोकळा रूळ बैलांच्या पायांवर धावून येतो. आणि तोही रिकामाच जोडावा. चार फुटी रूळ तासाला पाऊण एकराच्या वर जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

टाकी कुठली घ्यावी, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात जिवाची गोष्ट आहे. पेट्रोल-डिझेलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर असते. आत तेल नसते, पण वाफ असते. वेल्डिंगची ठिणगी पडली की टाकीचा बॉम्ब होतो. 'धुऊन घेतली आहे' या शब्दावर कोणाही वेल्डरने ज्योत लावू नये. गॅसचे सिलिंडर हे तर भंगारच नव्हे; ते कंपनीच्या मालकीचे असते. औषधांची पिंपे हा तिसरा वर्ज्य प्रकार. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष पुन्हा शेतावर पाझरत फिरवायचे का? पाण्याची जुनी टाकी घ्यावी, नाहीतर जाड नळाचा तुकडा घेऊन दोन्ही तोंडांना चकत्या जोडाव्या. टाकी पाण्याची असली तरी वेल्डिंग करताना बूच उघडे ठेवावे. बंद टाकी तापली की आतली हवा वाट शोधते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंड जमिनीत विष कालवते असा समज होता. आज समज उलटा झाला आहे: अवजार जितके महाग तितके चांगले. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. त्या संकटात कर्जाचा वाटा किती, हे या सभागृहात सांगायला नको. हप्त्यावर घेतलेले यंत्र वर्षातले पंधरा दिवस चालते आणि हप्ता मात्र बारा महिने. गावातल्या लोहाराने दोन दिवसांत केलेला रूळ चार शेजाऱ्यांत फिरू शकतो. तो मोडला तर त्याच लोहाराकडे जातो.

शेवटी एक कसोटी सांगतो. पेरणीच्या दिवशी मूठभर माती घेऊन दाबावी व कमरेइतक्या उंचीवरून सोडावी. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे, रूळ चालवा. गोळा तसाच चपटा झाला तर रूळ बांधावरच राहू द्या. ओल्या काळ्या मातीवर पाचशे किलो फिरले की खाली थापी बसते, आणि ती सुटायला पुढचा उन्हाळा आणि त्याच्या भेगा लागतात.