खेळाडूचा सदरा आणि रुग्णाचा प्रवास

लिलाव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? बंदरावरची मासळीची टोपली, नाही तर कर्जापायी निघालेली कुणाची तरी जमीन. पहिल्यात घाई असते, दुसऱ्यात दुःख असतं. आज ज्या लिलावाविषयी बोलायचं आहे, तो ह्या दोहोंहून निराळा आहे.

इंग्लंडचे माजी क्रिकेट कर्णधार अँड्र्यू स्ट्रॉस ह्यांच्या पत्नी रूथ २०१८ च्या डिसेंबरात फुप्फुसाच्या कर्करोगाने वारल्या. त्यांनी कधी धूम्रपान केलं नव्हतं. त्यांच्या नावाने एक संस्था निघाली. २०१९ पासून लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर कसोटी सामन्यातला एक दिवस तिच्यासाठी राखतात. प्रेक्षक लाल कपडे घालून येतात आणि खेळाडूंच्या सह्यांचे सदरे, टोप्या लिलावात निघतात.

जुलै २०२५ मध्ये तिथे आपला संघ खेळला. सर्वांत मोठी बोली लागली ती भारताचा कर्णधार शुभमन गिल ह्याच्या सदऱ्याला: ४,६०० पौंड, म्हणजे सुमारे ५ लाख ४० हजार रुपये. बुमराह आणि जडेजा ह्यांच्या सदऱ्यांना प्रत्येकी ४,२०० पौंड आले. हा पैसा कशासाठी? ज्या घरातली आई किंवा बाप कर्करोगाने जाणार, त्या घरातल्या मुलांना आधार देण्यासाठी, आणि धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी.

आता कुणी विचारील, घामाने भिजलेल्या सदऱ्याला एवढी किंमत कशी? किंमत कापडाची नव्हे, आठवणीची. तसा सदरा दुकानात मिळत नाही. आणि तो हवा असणारे दोघे जरी समोरासमोर आले, तरी बोली चढते.

हे लॉर्ड्सवरच होतं असं नाही. आपल्या कोलाड, रोहा, पेण भागात कबड्डीचं वेड काय सांगावं! गावच्या सामन्यात अखेरच्या चढाईत गडी टिपणाऱ्या पोराचा सदरा गावाला प्यारा असतोच. शाळेने किंवा मंडळाने तो लिलावात काढावा. चार-पाच हजार जमले तरी थोडे नाहीत. कर्करोगाच्या उपचाराला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे, आणि त्याच संस्थेचं खारघरचं केंद्र तर आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. पण जाण्यायेण्याचं भाडं, सोबतच्या माणसाचं राहणंजेवण, बुडालेली मजुरी, हे कोण भरणार? पुष्कळदा उपचार अर्धा सुटतो तो इथेच.

मात्र काही पथ्यं पाळावी लागतील. वस्तू खरी आहे हे खेळाडूने सर्वांसमक्ष सांगावं. बोलीचे पैसे त्याच दिवशी घ्यावेत, पावती द्यावी आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. मदत घेणाऱ्या रुग्णाला मंचावर उभं करू नये. त्याची लाज राखणं हीसुद्धा मदतच. आणि तंबाखू-सुपारीवाल्याची पाटी मैदानावर नको. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण तंबाखूची चुना मळलेली चिमूट अजून कितीतरी ओठांखाली असते. एका हाताने रोग वाटायचा नि दुसऱ्याने वर्गणी गोळा करायची, हे शोभत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, सामन्याला जमलेल्या गर्दीला तेवढ्यात दोन गोष्टी सांगा. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठला, तोंड पुरतं उघडेनासं झालं, स्तनात गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. लवकर सापडलेल्या रोगाला उपचारही कमी लागतात आणि पैसाही.

सदरा एकाच्या घरी जाईल. पण त्याच्या पैशातून एक माणूस वेळेवर खारघरला पोहोचला, तर तो सामना साऱ्या गावाने जिंकला असं खुशाल समजावं.