पावलांची निगा



अनवाणी विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या चरणांशी आपण श्रद्धेने नतमस्तक होतो. परंतु आपल्या घरातील आजी-आजोबांची पावले आपण शेवटची कधी निरखून पाहिली ? आजच्या विषयाचा गाभा याच प्रश्नात आहे.

रत्नागिरीची भूमी पावलांची परीक्षा पाहणारी आहे. उन्हाळ्यात जांभ्याचा कातळ तापतो. पावसाळ्यात ओल हटत नाही आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तळपायाच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात. त्यामुळे ती कोरडी पडून जाड होते आणि शरीराच्या भाराने टाचांना भेगा पडतात.

यावरचा उपाय स्वयंपाकघरातच आहे. घोटे बुडतील एवढेच, म्हणजे सुमारे तीन-चार लिटर, गाळलेले कोमट पाणी घ्यावे व त्यात दोन चमचे मीठ घालावे. त्वचा फारच राठ असेल तर मिठाऐवजी एक लहान चमचा खाण्याचा सोडा पुरे. तो रोज वापरल्यास त्वचा अधिकच कोरडी होते. पाय 10 ते 15 मिनिटे बुडवून ठेवावेत. मीठ थकवा शोषून घेते, असा समज आहे. खरा आराम मिळतो तो पाण्याच्या उबेने आणि त्या निवांत बसण्याने. भेगांवर लिंबू चोळू नये. त्याने आग होते.

यानंतरची कृती अधिक महत्त्वाची आहे. मऊ झालेली त्वचा वजरीने हलकेच घासावी. ब्लेड कदापि लावू नये. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि टाचांना मुठेल, म्हणजेच कोकमाच्या बियांचे तेल लावावे. या बिया कुटून पाण्यात उकळतात आणि वर तरंगणारे तेल काढून घेतात. निवल्यावर ते घट्ट होते, पण अंगाच्या उबेने मऊ पडते. आपल्या पूर्वजांनी भेगांसाठी जपलेले हे औषध आजही तितकेच उपयुक्त आहे. बेचक्यांत मात्र तेल लावू नये.

आता एक कळकळीची विनंती. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी पाय पाण्यात बुडवून बसू नये. या विकारात पायांची संवेदना मंदावते. पाणी पोळते आहे हे कळत नाही, फोड येतो, त्याची जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमावण्याची वेळ येते. त्यांनी कोमट पाण्याने पाय केवळ धुवावेत. पाण्याची ऊब घरातील दुसऱ्या व्यक्तीने कोपराने तपासावी. धुतल्यावर पाय लगेच कोरडे करावेत आणि तळवे रोज पाहावेत. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवावा. जखम, पू, काळसर डाग किंवा एकाच पायाला सूज दिसल्यास घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे.

वैयावृत्त्याची, म्हणजेच सेवेची, गणना आपल्याकडे आभ्यंतर तपात होते. वडीलधाऱ्यांचे पाय धुऊन, पुसून, दिव्याच्या उजेडात दोन मिनिटे न्याहाळणे हीदेखील सेवाच आहे. त्यासाठी वेगळा खर्च नाही. केवळ त्यांच्यापाशी खाली बसावे लागते. आपल्या प्रत्येक घरात ही सेवा नित्य घडो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेन्द्र !