ज्या बियाण्याची जाहिरात होत नाही

आजचा विषय आहे जाहिरात आणि माणसाचं स्वातंत्र्य. तुम्हाला वाटेल, आता हा टीव्हीवरच्या क्रीम-साबणांवर बोलणार. नाही. मी बोलणार आहे सोयाबीनच्या बियाण्यावर. कारण आपल्या हिंगोली जिल्ह्यात 'निवड' नावाची गोष्ट सगळ्यात महागात पडते ती जून महिन्यात, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर.

रोहिणी संपून मृग लागायच्या सुमाराला सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही रस्त्यानं जा. भिंती रंगलेल्या असतात. फ्लेक्सवर शेंगांनी लगडलेलं झाड, शेजारी फेटा बांधलेला हसरा शेतकरी, आणि खाली 'हुशार शेतकऱ्याची निवड' अशा छापाचं एखादं वाक्य. गाडीवर भोंगा लावून गावोगाव फिरणारे असतात ते वेगळेच. दुकानात नावंच नावं. दुकानदार विचारतो, "मामा, कोणतं देऊ?" मामा म्हणतात, "ते बोर्डावरचं द्या."

याला स्वतंत्र निवड म्हणायचं का? वरवर बघितलं तर हो. कुणी हात धरून पैसे काढून घेतले नाहीत. पण निवडायचं म्हणजे सगळे पर्याय समोर पाहिजेत की नाही? आणि एक पर्याय त्या बोर्डावर कधीच नसतो. तो म्हणजे घरचं बियाणं.

सोयाबीनच्या फुलात परागीभवन त्याच फुलात होतं. त्यामुळे सरळ वाणाचं बी राखून ठेवलं तर पुढच्या वर्षी तेच वाण उगवतं. एकदा चांगलं प्रमाणित बियाणं आणलं की पुढची दोन-तीन वर्षं त्यातलंच निवडून पेरता येतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची एमएयूएस-71, एमएयूएस-158, एमएयूएस-162, एमएयूएस-612 ही वाणं अशीच सरळ आहेत. कपाशीचं तसं नाही, बरं का. तिथं संकरित बियाणं, ते दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. आपला हरभरा, गहू यांतली सरळ वाणं मात्र सोयाबीनसारखीच राखता येतात.

मग याची जाहिरात का नाही? साधं आहे. तुम्ही स्वतःच्या कोठीतलं बी पेरलं तर त्यात कुणाला काही सुटत नाही. सुटत नाही म्हणून भिंत रंगत नाही. कृषी सहायक सांगतात, तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र सांगतं, पण त्यांचा आवाज भोंग्यापुढं किती पुरणार?

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, इथं गंमत आहे. जाहिरात करणं हा विकणाऱ्याच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली टाटा प्रेस विरुद्ध एमटीएनएल या खटल्यात सांगितलं. भांडण होतं मुंबईतल्या यलो पेजेसचं. त्या निकालात मला महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू: ऐकणाऱ्याचाही हक्क आहे, माहिती मिळण्याचा. आणि फसव्या जाहिरातीला हे संरक्षण नाही.

तिकडे 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 शेतकऱ्याला मोकळीक देतं. बी राखा, पेरा, परत पेरा, शेजाऱ्याला द्या, बदल्यात घ्या, विका सुद्धा. फक्त पिशवीत भरून, त्यावर ब्रँडचं नाव-लेबल लावून विकायचं नाही. त्याच कलमात हेही आहे की नोंदणी झालेल्या वाणाचं बियाणं विकताना अमुक परिस्थितीत अमुक उत्पन्न येईल हे सांगायला पाहिजे, आणि तसं आलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. म्हणजे दोघांनाही स्वातंत्र्य आहे. विकणाऱ्याचं स्वातंत्र्य चौकाचौकात वीस फुटी फ्लेक्सवर दिसतं. आपलं कायद्याच्या पुस्तकात पडून आहे.

स्वातंत्र्याच्या नावावर माल खपवणं तसं जुनंच आहे. 1929 साली न्यूयॉर्कला ईस्टरच्या मिरवणुकीत काही बायकांनी चालता चालता सिगारेटी पेटवल्या. त्यांना नाव दिलं होतं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. वर्तमानपत्रांत बातमी झाली. मागं होता एडवर्ड बर्नेस नावाचा प्रसिद्धीतज्ज्ञ, आणि त्याला पैसे देत होती तंबाखूची कंपनी. बायकांची समानतेची मागणी खरी होती. तिच्यावर स्वार होऊन सिगारेट विकली गेली.

आपल्याकडं मशाल नाही, 'हुशार शेतकरी' आहे. हा शब्द फार चलाख आहे. तो एकट्याशी बोलतो. तू हुशार, तू निवड, शेजाऱ्याच्या पुढं जा. पण बियाण्याचं स्वातंत्र्य एकट्याला वापरताच येत नाही, हा माझा आजचा मुद्दा आहे. माझं सोयाबीन भिजलं आणि गावात कुणाकडंच राखलेलं बी नसलं, तर कलम 39 घेऊन मी काय करू? गावात चार घरांनी बी राखलं, तरच पाचव्याला 'मला पिशवी नको' म्हणता येतं. पूर्वी हे बायकांच्या हातात होतं. राख लावून, मडक्यात, कणगीत. त्याला कुणी हक्क म्हणत नव्हतं, पण सावकाराच्या दारात न जाण्याची ती सोय होती.

आता कुणी म्हणेल, मग काय, विकतचं सगळं वाईट? अजिबात नाही. नवीन वाण आलं हे कळायला जाहिरात उपयोगी पडते, आणि तीन वर्षांनी बी बदलायलाच हवं. घरचं म्हणून ते चांगलंच असतं, असंही नाही. 2019 च्या परतीच्या पावसात राज्यभर सोयाबीन भिजलं. पुढच्या खरिपात, 2020 ला, मराठवाड्यात बियाणं उगवलं नाही अशा तक्रारींचा इतका ढीग लागला की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ज्यांनी दुबार पेरणी केली त्यांना विचारा, जूनमधली एक चूक किती एकरांची असते.

म्हणून पोस्टर वाचू नका, टॅग वाचा. निळा टॅग म्हणजे प्रमाणित, सरकारी यंत्रणेनं तपासलेलं. हिरवट लेबल म्हणजे 'सत्यतादर्शक', म्हणजे कंपनी स्वतःच्या शब्दावर सांगते. बेकायदा नाही ते. पण कुणाच्या शब्दावर पैसे देतोय, हे आपल्याला माहीत असावं. पावती घ्या. पिशवी वरून टॅग न फाडता खालून फोडा, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. तक्रारीच्या वेळी तेच लागतं.

आणि घरचं असो की विकतचं, उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत. निवडून चांगले घेऊ नका, मूठ घालून येतील ते घ्या. गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलो नेहमीप्रमाणे. थोडे कमी आले तर त्या प्रमाणात बी वाढवा. फारच कमी आले तर ते बी पेरूच नका. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोती आपटू नका, आणि थप्पी फार उंच जाऊ देऊ नका, खालचं बी दबतं.

हे सगळं मे महिन्यात करायचं, म्हणून हा भाग आत्ताच. भेटू पुढच्या वेळी.