मालकंस कधी ऐकायचा?

(मराठवाड्यातल्या स्त्री-गटांच्या बैठकीत परभणीच्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. सकाळपासून इथं पोटगीवर बोलणं झालं, दारूच्या दुकानावर झालं, रेशनवर झालं. त्यात मी उठून गाणं ऐकण्याबद्दल काय सांगायचं? पण ताई म्हणाल्या, "आमचे गट दोन-तीन वर्षांत मोडतात. तुमचा सत्तावीस वर्षं टिकला. कसा टिकला तेवढंच सांगा." तेवढंच सांगते. मोडता मोडता राहिला, तेही सांगते.

परभणीला आकाशवाणीचं केंद्र १९६८ साली आलं. आमच्या घरी त्याआधीपासून रेडिओ होता, वडिलांचा. शनिवारी रात्री दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे, तो १९५२ पासून चालू होता. वडील आरामखुर्चीत बसून ऐकायचे. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, ओले हात पदराला पुशीत. हाक आली की आत, काम उरकलं की पुन्हा चौकटीशी. तिचा कान वडिलांपेक्षा तयार होता, हे मला फार उशिरा कळलं. पण ती गाणं ऐकायला बसलेली मला एकदाही आठवत नाही.

मी शाळेत शिक्षिका झाले. स्वतःच्या पगारातून टेपरेकॉर्डर घेतला आणि शेजारच्या चौघींना म्हटलं, गुरुवारी दुपारी या, ऐकू या. शिकण्यासाठी नाही. प्रवेशिका-मध्यमाच्या परीक्षा देणाऱ्या मुली गावात होत्याच. आम्हाला गायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. कॅसेटी नांदेडहून नाहीतर तेव्हाच्या औरंगाबादहून यायच्या. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. चारच्या आठ झालो, आठाच्या चौदा.

आणि मग आम्ही पहिली चूक केली. आपल्याला कळत नाही, कुणीतरी जाणकार हवा, असं वाटून एका गृहस्थांना बोलावलं. माणूस भला, अभ्यास मोठा. पण ते चाळीस मिनिटं वादी-संवादी समजावायचे आणि दहा मिनिटं गाणं लावायचे. मध्येच डोळे मिटून "हाय!" म्हणायचे आणि आमच्याकडे बघायचे, आम्हाला लागलं का म्हणून. दोन महिन्यांत आम्ही सहा उरलो. ज्या गेल्या त्यांनी कारण सांगितलं नाही. पाहुणे आले, बरं नव्हतं, असंच. आपण बायका तसंच सांगतो. शेवटी एकीनं तोंड उघडलं, "तिथं बसलं की मला शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटतं." तेव्हा ठरलं : आधी ऐकायचं, बोलायचं नंतर. आणि "मला कंटाळा आला" हे म्हणायला मुभा. हे दोन नियम आजही आहेत.

त्या गृहस्थांचा दुसराच आक्षेप होता. मी दुपारी तीनला मालकंस लावला म्हणून ते खरोखर दुखावले. रागाची वेळ असते, म्हणाले. खरंच आहे ते. हिंदुस्थानी संगीतात दिवस-रात्रीचे आठ प्रहर रागांना वाटून दिलेले आहेत. मी घरी जाऊन वहीत दोन रकाने आखले. एकीकडे प्रहर, दुसरीकडे आमची कामं. ललत पहाटेचा, तेव्हा पाणी भरायचं. तोडी सकाळचा, तेव्हा डबे आणि भाकऱ्या. पूरिया, मारवा दिवस मावळताना; दूध, दिवाबत्ती, पोरांचा अभ्यास. यमन त्यानंतर, चूल पेटलेली. दरबारी, मालकंस रात्री उशिरा, तेव्हा घर झोपलेलं आणि आवाज करायची सोय नाही. आमच्या वाट्याला राहिली दुपार. म्हणजे सारंग, भीमपलास, पटदीप आणि चार वाजेपर्यंत थांबता आलं तर मुलतानी. वर्षभर आम्ही शास्त्र पाळलं. सारंगाचे प्रकार पाठ झाले. मग आमच्यातली सगळ्यांत अबोल बाई म्हणाली, "मग मालकंस आम्ही काय मेल्यावर ऐकायचा?"

दुसऱ्या गुरुवारी अडीच वाजता मालकंस लावला. खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या, उन्हासाठी. कुणाचं काही बिघडलं नाही.

आता दुसरी चूक सांगते. ती माझी एकटीची. मी नियम केला की ऐकताना हात रिकामे पाहिजेत. बायकांना रिकाम्या हातानं बसायची लाज वाटते. डाळ निवडायला घेऊन येतात, वाती घेऊन येतात. मला आईची चौकट दिसत होती ना! म्हटलं, दोन तास तरी हात मांडीवर ठेवून राणीसारखं बसा. भाषण छान झालं माझं. एक बाई मात्र पुढच्या वेळी आली नाही, त्याच्या पुढच्या वेळीही नाही. ती दुकानाला फुलवाती करून द्यायची, शेकड्यावर पैसे. दोन तास हात रिकामे ठेवणं म्हणजे तिच्या दोन तासांची मजुरी बुडणं. माझा पगार महिन्याच्या एक तारखेला होत होता, म्हणून मला तो नियम सुचला. मी तिच्याकडे जायला दोन वर्षं लावली. कामाचं निमित्त नव्हतं, लाज वाटत होती. गेले तेव्हा तिनं चहा दिला आणि म्हणाली, "बाई, माझा कान रिकामा असतो. हाताचं तुम्ही कशाला बघता?" ती परत आली, कापूस घेऊन. आज आमच्यात तिच्याइतकं बारकाईनं कुणी ऐकत नाही. विलंबित ख्याल वीस-पंचवीस मिनिटं चालतो, नव्या बाया चुळबुळतात. ही म्हणते, दळणासारखं असतंय ते, पहिली पायली जड जाते.

नव्या बाईसाठी आम्ही जुन्या रेकॉर्डींपासून सुरुवात करतो. ७८च्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटं चालायची, तेवढा धीर सगळ्यांना असतो. गौहरजानचं १९०२ सालचं कलकत्त्यातलं ध्वनिमुद्रण लावलं की शेवटी ती आपलं नाव इंग्रजीत ठणकावून सांगते. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापायच्या, तिथल्या कारागिराला कळावं म्हणून. आमच्या बायकांना त्या नाव सांगण्याचंच अप्रूप. कित्येकींचं नाव सासरी बदललेलं.

एकदा मी काही न सांगता दोन गाणी लावली. पहिलं पातळ, उंच आवाजातलं. दुसरं भरदार, खर्जातलं. विचारलं, कोण कोण असेल? पहिलं एखाद्या मुलीचं, दुसरं पुरुषाचं, असं सगळ्या म्हणाल्या. दोन्ही गंगूबाई हनगल. १९३०च्या दशकात 'गांधारी' या नावानं त्यांच्या तबकड्या निघाल्या, तेव्हाचा तो पहिला आवाज. पुढं घशाच्या उपचारानंतर आवाज बदलला आणि त्या बदललेल्या आवाजानं त्या म्हातारपणापर्यंत गायल्या. हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे रेल्वेनं शिकायला जायच्या. त्यांची आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गाणारी. मुलीच्या हिंदुस्थानी गाण्यात आपला सूर मिसळू नये म्हणून तिनं आपलं गाणं थांबवलं. यावर त्या दिवशी फार बोलणं झालं. निम्म्या म्हणाल्या, आई असावी तर अशी. निम्म्या म्हणाल्या, तिनं का म्हणून थांबवायचं? भांडणच झालं म्हणा ना. मी मध्ये पडले नाही.

बेगम अख्तर लावल्या तेव्हा भांडण झालं नाही, सगळ्या गप्प झाल्या. १९४५ साली लग्न झालं आणि गाणं बंद पडलं. बाई आजारी पडल्या. १९४९ला लखनौ आकाशवाणीवर पुन्हा गायल्या. एवढंच मी सांगितलं. त्यानंतर एक मैत्रीण म्हणाली की तिला लग्नाआधी सायकल यायची.

आणखी एक वाद झाला, तोही सांगायला हवा. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी केला. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंभोरे यांच्या ओव्या आहेत, १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या. मी म्हटलं, लावू या. दोघी म्हणाल्या, आपला गट शास्त्रीय ऐकण्याचा आहे, असं करत गेलो तर भजनी मंडळ होईल. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. गटाला आपला विषय सोडता येत नाही, सोडला की तो पांगतो. एक गुरुवार दोन्ही गंगूबाई लागोपाठ लावल्या आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा भीमपलास.

भारनियमनाची वर्षं आम्ही सेलवर काढली. खरी पंचाईत मोबाईल आल्यावर झाली. सगळं गाणं फोनवर फुकट मिळायला लागलं. मग यायचं कशाला? चार-पाचच उरलो. त्यात २०२०ची टाळेबंदी. मी रोज एक गाणं सगळ्यांना फोनवर पाठवायची. अंगठे यायचे, हात जोडलेले यायचे. टाळेबंदी उठल्यावर एकेकीला विचारलं, किती ऐकलीत? बहुतेकींनी एकही पूर्ण ऐकलं नव्हतं. एक म्हणाली, "कानात घातलं की हमखास कुणीतरी चहा मागतंय. तुमच्याकडं आले की घरच्यांना कळतं, ही आता साडेचारपर्यंत नाही." तिला गाणं फोनवरच होतं, वेळ मात्र आमच्या गटातच मिळत होता. तेव्हापासून आम्ही दाराला आतून कडी लावतो आणि फोन डब्यात ठेवतो. डबा तांदळाचाच आहे, जुना.

वर्षातून एकदा, कोजागरीला, रात्रीचे राग रात्री ऐकतो. पहिल्या वर्षी अकराजणी कबूल झाल्या. नऊपर्यंत आल्या पाच, मध्यरात्री उरलो तिघी. एकीचा मुलगा दोनदा बोलवायला आला. तिनं त्याला खाली बसवलं, दूध दिलं, तो तिथंच झोपला. गेल्या वर्षी आठजणी पहाटेच्या ललतपर्यंत होत्या. एकीच्या नवऱ्यानं सकाळचे पोहे करून पाठवले. खारट होते.

तुमच्यापैकी कुणाला करून बघायचं असेल तर टेपरेकॉर्डरही नको, एक बरा स्पीकर पुरे. घर मात्र आळीपाळीनं ठेवा. एकाच घरी ठेवलं की त्या घरची सून चहा करत राहते आणि तिचं ऐकणं होत नाही. आमच्याकडे हे तीन वर्षं चाललं होतं, आणि ती सून माझीच होती.

येत्या गुरुवारी मुलतानी आहे. वेळ अडीचची, नळाला पाणी आलं तर चारची.