श्रम आणि व्यायाम



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत पाळ्यांवर राबणारे लोक आम्हांस विचारतात, ‘दिवसभर अंग मोडते, मग निराळा व्यायाम कशाला?’ आमचे उत्तर असे, की श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. यंत्रापुढे उभा राहणारा मनुष्य तेच चार स्नायू शेकडो वेळा राबवितो. बाकीचे शरीर तसेच राहते. व्यायामात सर्वांगाला काम मिळते, आणि पुरेशी विश्रांतीही.

त्यासाठी आखाडा नको. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा आयुष्यभर प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारांना सतरंजीएवढी जागा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगितला. म्हणजे रोज भरभर चालावे, आणि दोन दिवस जोर-बैठका काढाव्यात.

आहारही तसाच हवा. साठ किलो वजनाच्या माणसास दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात. वडापाव आणि चहा यांतून ती भरत नाहीत. भाकरीबरोबर उसळ, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडे असावे.

पाळी बदलली की पहाटेचा नेम मोडतो. म्हणून व्यायाम घड्याळाशी न बांधता झोपून उठण्याशी बांधावा. यंत्र झिजले तर कारखाना नवे आणतो. शरीर मात्र आपले आपणच राखावयाचे असते.