दोष पायाचा नव्हता

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात ‘आपलं शरीर, आपला वावर’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. तिच्या मायेबद्दल आणि धैर्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. तिच्या पायात काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी आज त्याबद्दलच बोलणार आहे. डोंगरात, कातळावर चढताना बायकांच्या पायात काय असतं, आणि काय असायला हवं.

‘बाकीचे प्रश्न संपले का?’ असं काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. संपलेले नाहीत. पण ही गोष्ट त्यांच्यापासून फार लांबची नाही, म्हणून थोडा वेळ द्या.

वस्तीत काम करणाऱ्या आम्ही अकरा जणी वर्षातून दोनदा एखाद्या गडावर जातो. घरच्यांशिवाय, कुणाचा डबा भरायचा नाही, असा एक दिवस. दोन वर्षांपूर्वी आम्ही विसापूरला गेलो. मळवली स्टेशनवर उतरून भाजे गाव, आणि तिथून ओढ्याच्या वाटेने वर. या वाटेवर मोठमोठे धोंडे आहेत आणि वरच्या अंगाला दगडी पायऱ्या. पावसाळ्यात या सगळ्यावरून पाणी वाहतं. आम्ही हिवाळ्यात गेलो होतो, वाट कोरडी होती. तरीही आमच्या बालवाडीच्या बाई एका तिरक्या कातळावरून घसरल्या. गुडघा सोलला, तळहात फाटला. नशिबाने तेवढ्यावरच निभावलं.

बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, माझंच वय झालं आता. वजन बघ केवढं वाढलंय. उगाच आले मी.” आम्हीही समजूत काढत तेच बोलत होतो. कुणी म्हणालं, सवय नाही. कुणी म्हणालं, भीती वाटली की तोल जातो. कुणी म्हणालं, जन्मभर साडीत चालल्यावर असं होणारच. वय, वजन, भीती, साडी. सगळी कारणं बाईंच्या अंगातच सापडली. परतीच्या लोकलमध्ये त्यांनी बूट काढून पाय वर घेतले, तेव्हा बुटांचे तळ दिसले. भाच्याने वापरून टाकलेले स्पोर्ट्स शूज होते ते. तळ झिजून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालेला, आणि रबर इतकं टणक की नख रुतेना.

मला स्वतःची लाज वाटली. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोन वर्षं आम्हाला हेच शिकवलं होतं की माणूस अडखळला तर आधी त्याच्या पायाखालची जमीन बघा. वस्तीत मी ते रोज करते. कातळावर मात्र विसरले.

त्यानंतर आम्ही ठरवलं की बूट नीट तपासून बघायचे. गिर्यारोहण करणाऱ्या एका मैत्रिणीने तिच्याकडच्या दोन जोड्या दिल्या. या प्रकाराला अ‍ॅप्रोच शूज म्हणतात. कड्याच्या पायथ्यापर्यंत चालत नेणारे आणि वाटेत हात लावून चढायची वेळ आली तर तिथेही उपयोगी पडणारे, असे हलके बूट. चालण्याचा बूट आणि कडा चढण्याचा घट्ट बूट यांच्या मधला हा प्रकार.

डोंगरातल्या बुटांचा इतिहास अपघातांनीच घडवला आहे. 1935 साली इटलीतल्या आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक मरण पावले. त्यांच्या पायात योग्य बूट नव्हते. त्यांचा सहकारी व्हिताले ब्रामानी याने त्यानंतर खाचांचा रबरी तळ तयार केला, तो 1937 मध्ये बाजारात आला. ‘व्हिब्रम’ हे नाव त्याच्याच नावावरून पडलं. पुढे 1985 साली अमेरिकेत चार्ल्स कोल यांनी ‘फाइव्ह टेन’ ही कंपनी काढली आणि कातळाला चिकटणारं मऊ रबर चालण्याच्या बुटाखाली आणलं. ते सहा जण मेले तेव्हा जगाने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. आमच्या बाई घसरल्या तेव्हा आम्ही त्यांच्या वजनाकडे पाहिलं.

आमच्याकडे पाच प्रकार जमले: अ‍ॅप्रोच शूज, घोट्याच्या वर येणारे चामडी बूट, साधे स्पोर्ट्स शूज, बाजारात मिळणारे स्वस्त देशी ट्रेकिंगचे बूट, आणि एकीची रोजची प्लॅस्टिकची चप्पल. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. चामडी जोडी तेराशे ग्रॅम, अ‍ॅप्रोचची साडेसातशे. हा फरक किरकोळ समजू नका. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी पट जास्त दमवतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं.

मग पुन्हा त्याच ओढ्यात गेलो. एकदा कोरड्यात, एकदा गणपतीनंतरच्या ओल्यात. नियम असा की चाचणी गुडघ्याएवढ्या उंचीवरच करायची आणि मागे एकीने उभं राहायचं. चार जागा ठरवल्या: तिरका सपाट कातळ, बोटभर रुंदीची कड, माती-खड्यांचा घसारा, आणि ओढ्यातले शेवाळी दगड.

तिरक्या कातळावर अ‍ॅप्रोच शूज सरळ उजवे ठरले. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा. कोरडा असला की तो खरखरीत असतो आणि मऊ रबर त्या खरखरीत रुतून बसतं. त्यासाठी तळ टेकवावा लागतो आणि टाच खाली सोडावी लागते. भीतीने आपण चवड्यावर उभ्या राहतो, तेव्हा टेकलेला भाग उलट कमी होतो. खोल खाचांचा इथे फायदा नाही. म्हणूनच या बुटांचा अंगठ्याखालचा भाग मुद्दाम सपाट ठेवलेला असतो. बोटभर कडेवरही तोच भाग कामाला आला. स्पोर्ट्स शूज तिथे पोळीसारखे दुमडले. दुसरा नंबर कुणाचा आला माहीत आहे? स्वस्त देशी बुटांचा! त्यांचं रबर मऊ होतं.

घसाऱ्यावर चित्र उलटं झालं. उतरताना अ‍ॅप्रोचच्या उथळ खाचांमध्ये माती भरली आणि दोघी बसकण मारून खाली आल्या. तिथे चामडी बूट टिकले. आणि शेवाळावर? सगळेच घसरले. महागडे, स्वस्त, सगळे. चप्पलवाली तर चप्पल हातात घेऊन पाण्यातून आली. शेवाळावर चालणारा बूट आम्हाला तरी सापडला नाही, तिथे वाट बदलावी किंवा मागे फिरावं.

आणखी एक तोटा सांगते. मऊ रबर लवकर झिजतं. मळवलीहून डांबरी रस्ता तुडवत जायला हे बूट वापरले तर चार ट्रेकमध्ये त्यांचा खडू होईल. स्टेशनपर्यंत साधी चप्पल घाला, बूट पाठीला लावा.

आता मापाबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. दुकानात गेलो तर बायकांसाठी म्हणून एकच जोडी, गुलाबी. दुकानदार म्हणाला, “लेडीज एवढं चढत नाहीत, मॅडम, चालायला हेच बरे.” बायकांचे म्हणून जे बूट बनतात ते साधारणपणे टाचेला अरुंद आणि पुढे निमुळते असतात. माझा पाय त्यात नीट बसला. पण बाईंचं बालपण अनवाणी गेलंय. अनवाणी वाढलेल्या पायाची बोटं पसरलेली असतात, चवडा रुंद असतो. त्यांना बायकांचा बूट चावला आणि पुरुषांचा सहा नंबर मापात बसला. म्हणजे ‘बायकांचा बूट’ हा नेमक्या कुठल्या बाईचा? ज्या साच्यावर तो बनला, त्या साच्यात आमच्या बाई नव्हत्याच. खोक्यावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि पाय काय म्हणतो ते ऐका.

पैशांचं काय, असं तुम्ही विचाराल. परदेशी जोडी दहा हजारांच्या पुढे जाते. आमच्यातल्या काहींच्या महिन्याच्या मानधनाहून जास्त. म्हणूनच दुकानातली तपासणी महत्त्वाची. ती फुकट असते. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. डोंगरात घालणार तेच मोजे नेसत्या कपड्यांबरोबर घेऊन जा. बूट घालून दुकानातला जिना उतरा, बोटं पुढे आपटली तर तो बूट उतारावर नखं काळी करील. टाच वर उचलली जाते का बघा. तळात नख रुतवून बघा. बूट हातात धरून ओल्या कपड्यासारखा पिळा, सहज पिळला गेला तर कडेवर तो आधार देणार नाही. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. साडी घेताना आपण पंचवीस घड्या मोडायला लावतो, तेव्हा नाही संकोच वाटत! आणि जुने बूट माळ्यावरून काढले असतील तर आधी घराजवळ दोन दिवस चाला. दमट हवेत तळाचा फोम आणि गोंद कुजतो आणि नेमका डोंगरात तळ गळून पडतो. पिशवीत सुतळी ठेवा.

गेल्या गणपतीनंतर बाई आमच्याबरोबर पुन्हा त्याच वाटेने आल्या, देशी बूट घालून. ज्या कातळावर त्या पडल्या होत्या, तो त्यांनी चढला. त्याच्या वर एका ठिकाणी शेवाळावरून पाणी वाहत होतं. तिथे त्या थांबल्या, वाकून हात लावला आणि म्हणाल्या, “इथे नाही चालणार. मी इथूनच मागे.” या वेळी वय नाही, वजन नाही. दगड ओला होता, एवढंच कारण. मग आम्ही सगळ्याच मागे फिरलो आणि भाजे गावात चहा प्यायलो.

शेवटी एक विनंती. कार्यालयातल्या कपाटाचा खालचा कप्पा आम्ही बुटांसाठी रिकामा केला आहे. सध्या त्यात सहा जोड्या आहेत. तुमच्या घरी वापरात नसलेले, पण तळ शाबूत असलेले बूट असतील तर आणून द्या, कुठल्याही मापाचे. वही ठेवली आहे, नाव लिहून कुणीही नेऊ शकते. परत करताना माती झटकून आणा, आणि कुठे घसरलात तेही वहीत लिहा. पुढच्या बाईला उपयोग होईल.