पाळणाघर: खोली आणि हात



या व्यासपीठावरून बोलण्याचे आमंत्रण आले तेव्हा पत्र चुकून माझ्या पत्त्यावर आले असावे, अशीच मला पहिली शंका आली. इथे विद्वान मंडळी येतात. माझी शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाशी. त्यात मी विषय घेतला आहे तो पाळणाघरात राहणाऱ्या लहान मुलांच्या प्रकृतीचा. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, बाळाच्या लंगोटावर कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की बाळाचा लंगोट हाही वेतनकराराचा विषय आहे, आणि तो आम्ही फार दिवस बाजूला ठेवला.

माझी आई सोलापुरात विड्या वळीत असे. मी तान्हा असताना ती मला कामावर घेऊन जाई आणि खांबाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजवी. खाली तंबाखूची धूळ, वर मी. "तू फार खोकायचास," एवढेच ती पुढे सांगे. त्यात तक्रार नसे, कारण दुसरी जागाच तिला ठाऊक नव्हती.

ही गोष्ट एकट्या माझ्या आईची नाही. मुंबईच्या गिरण्यांत हजारो स्त्रिया कामाला होत्या, त्या काळी मूल घरी निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल होती. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटले आयोगाच्या अहवालातही मुलांना अफू देण्याच्या या प्रकाराची नोंद आहे. त्या आया निर्दय होत्या काय? मुळीच नाही. दहा तास साच्यावर उभे राहायचे आणि पाठीमागे मुलाला बघायला कोणी नाही, अशा बाईला गोळीवाल्याने उपाय विकला, इतकेच. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू घेताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट ठरवली, आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाळंतपणाचा प्रश्न त्या दिवशी बाईच्या घरातून बाहेर पडून कायद्याच्या पुस्तकात आला. परंतु बाळंतपण काही आठवड्यांचे असते. मूल सांभाळणे सहा वर्षांचे.

पुढे कायदे झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने, पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवावी, असे सांगितले. १९७६ च्या दुरुस्तीने हा आकडा तीसवर आणला. १९५१ साली मळ्यांसाठी, १९६६ साली विडी कामगारांसाठी आणि १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदे आले. त्या प्रत्येकात पाळणाघराचे कलम होते. आता हे कायदे काय मोजत होते ते पाहा. ते बायका मोजत होते. तीसहून अधिक बायका असल्या तर पाळणाघर; मग मालकाने तीसवरच थांबावे यात नवल काय? एकतिसावी बाई ज्यावर कधी येऊच दिली जात नाही, असे हजेरीपट मी स्वतः पाहिले आहेत. मुलाच्या नावाने केलेले कलम आईच्याच नोकरीवर उलटले. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, असा हिशेब धरला, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेही पन्नासाचाच आकडा ठेवला. मुलाला बापही असतो ही गोष्ट कायद्याच्या ध्यानात यायला एवढी वर्षे लागली!

मला सर्वांत शहाणपणाचे वाटले ते कलम मात्र कारखान्यांसाठी नव्हते. ते २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात होते. कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर तिथल्याच एका बाईला ती सांभाळण्यास नेमावे आणि तिला तिची मजुरी द्यावी, असे त्यात होते. ते किती ठिकाणी पाळले गेले हा प्रश्न वेगळा. पण त्या कलमाने बायका मोजल्या नाहीत, भिंती मोजल्या नाहीत. मुले मोजली आणि त्यांच्यासाठी दोन हात नेमले.

मी हे सांगतो आहे ते दुसऱ्यांची चूक दाखवण्यासाठी नव्हे. चूक माझीही आहे आणि तीच सांगायला मी उभा आहे.

२००९ सालची गोष्ट. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगचा एक कारखाना होता. नाव सांगत नाही, कारण करारावर सही माझीही होती. साठेक बायका, वीसेक मुले, कोठाराला लागून एक खोली आणि तिच्यात एक मावशी. खोलीत कुबट वास, कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांची थप्पी. मुले सारखी जुलाबाने आजारी. व्यवस्थापनाने सुचवले की खोली बंद करू आणि दरमहा तीनशे रुपये पाळणाघर भत्ता देऊ. कायद्याने दिलेली गोष्ट करारात विकता येत नाही हे मला माहीत होते. पण बायकांनाही ते पटले, हातात रोख पडत होती, आणि मी सही केली. त्या दिवशी माझ्या गळ्यात हार पडला.

चार महिन्यांनी एका कामगार बाईचा दीड वर्षाचा मुलगा चहाच्या पातेल्याने भाजला. त्याला सांभाळत होती तिसरीतली बहीण. तिने भाजल्या जागी टूथपेस्ट लावली, कारण शेजारी तसेच करतात. भाजलेल्या जागेवर निदान वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे, दुसरे काही लावू नये, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. मुलगा बरा झाला. मुलगी मात्र शाळेत परत गेली नाही. मी भेटायला गेलो तेव्हा आई रागावली नाही. म्हणाली, "भाऊ, तीनशे रुपयांत माणूस मिळत नाही हो." बंधुभगिनींनो, माझ्या आयुष्यात मालकांनी मला पुष्कळ बोल लावले. त्यांतला एकही मला इतका लागला नाही.

मग मी स्वतःला विचारले, बायकांनी ती खोली सोडली का? कारण खोली वाईट होती. खोली वाईट का होती? मावशी आळशी होती म्हणून? मी हिशेबाचा माणूस आहे, म्हणून हिशेब मांडून पाहिला. वीस तान्ही मुले धरा. प्रत्येकाचा लंगोट दिवसातून चार वेळा बदलायचा. मूल धुवायचे, पुसायचे, लंगोट बांधायचा आणि शेवटी आपले हात साबणाने धुवायचे, याला पाच मिनिटे. झाली चारशे मिनिटे, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे. आठ तासांच्या पाळीत उरली ऐंशी मिनिटे. त्यात वीस मुलांना भरवायचे, निजवायचे, रडणाऱ्याला उचलायचे. वाट्याला आली दर मुलामागे चार मिनिटे. अशा वेळी बाई काय वाचवील? सर्वांत आधी हात धुणे वाचवील. तेच हात भाताच्या पातेल्यात जातात आणि एका मुलाचा जुलाब वीस मुलांचा होतो. याला आपण अस्वच्छता म्हणतो. मी याला कमी नोकरभरती म्हणतो.

पाळणाघरातली बहुतेक संकटे अशीच आहेत. त्यांना मोठी यंत्रसामग्री लागत नाही, लक्ष लागते. बादलीत वीतभर पाणी असले तरी रांगते मूल त्यात डोके खाली होऊन बुडू शकते, म्हणून बादली पालथी हवी किंवा झाकलेली. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष, नाणे, खेळण्यातली बटणासारखी बॅटरी या वस्तू लहान मुलाच्या हाती पडता कामा नयेत. दाणे द्यायचे तर कूट करून द्यावेत. फिनेल कधीही सरबताच्या बाटलीत भरू नये. मुलाला वाचता येत नाही, ते बाटली ओळखते. तान्ह्या मुलाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशीशिवाय निजवावे. मुलाला न्यायला कोण येणार याची नोंद वहीत असावी, आणि त्या नावाबाहेरच्या माणसाच्या हाती मूल देऊ नये, मग तो कितीही गोड बोलो.

जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच क्षार-साखरेचे पाणी पिंपांतून तोंडावाटे द्यायला लावले आणि असंख्य प्राण वाचवले. पण हे पाणी चमच्या-चमच्याने पाजावे लागते. तो चमचा धरायला पुन्हा एक मोकळा हात हवाच. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणीही पिईना, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आता एक नाजूक गोष्ट. अंगात ताप असलेल्या मुलाला सकाळी औषध पाजून आई पाळणाघरात सोडते. दुपारी औषधाचा अंमल उतरतो, तोवर खोकला चार मुलांना लागलेला असतो. तिला दोष देणे सोपे आहे. परंतु तिची रजा बिनपगारी असेल, तर तिने काय करावे? आजारी मुलाला घरी ठेवा, ही पाटी पाळणाघराच्या दारावर लावून भागत नाही. तीच ओळ रजेच्या नियमांत पगारी रजा म्हणून लिहावी लागते. लसीकरणाचेही तेच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी, नवव्या महिन्याची गोवराची लस, या तारखा दवाखान्याच्या कार्डावर असतात. त्या दिवशी आईला दोन तासांची सवलत हजेरीपटावर असते काय?

आणि शेवटी त्या मावशीकडे वळू. तिच्या हाती आपण आपला सर्वांत मोलाचा ठेवा देतो आणि तिलाच सर्वांत कमी पगार देतो. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेत तर तिच्या कमाईला पगारही म्हटले नाही, मानधन म्हटले. अंगणवाडीच्या बायका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. याउलट १९६९ साली दिल्लीत, गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर, मातीत लोळणारी मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर उघडले. मोबाइल क्रेशेस या संस्थेचा आरंभ तिथे झाला. तिथे पक्की इमारत नव्हती. तंबू होता, आणि मुलांसाठी थांबलेली माणसे होती.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना मी जे सांगतो तेच आज आपल्यालाही सांगतो. कोणत्याही करारात पाळणाघराचे कलम आले, की चार प्रश्न विचारा. किती मुलांमागे किती बाया? त्यांना पगार काय, आणि एक रजेवर गेली तर जागी कोण? पाणी आणि साबण खोलीत आहे की आवाराच्या टोकाला? मूल आजारी पडले तर आईबापाला पगारी रजा आहे की नाही? या चारांची उत्तरे मिळेपर्यंत सही करू नका. आणि कोणी पाळणाघराऐवजी भत्ता देऊ केला, तर त्या रकमेत खरोखर माणूस मिळतो का, हे आधी कामावरच्या बायकांना विचारा. मी ते विचारले नव्हते.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या वर्षी ती मला एका फाटकाशी भेटली. पॅकिंगच्या कामाला लागली होती आणि कडेवर स्वतःचे मूल होते. "भाऊ, इथे पाळणाघर आहे का हो?" तिने विचारले. त्या कारखान्यात पाळणाघराची मागणी आम्ही घातली आहे, वाटाघाटी चालू आहेत. या खेपेस मागणीपत्रातले पहिले कलम तेच आहे.